माळढोकाचा माळ आणि उजनीचा मृत साठा: न्यायाधारित विचार व डीप इकॉलॉजी लावायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या अभ्यासात पर्यावरण नीतिशास्त्रातल्या न्यायाधारित दृष्टिकोनाची आणि डीप इकॉलॉजीची तुलना करायला सांगतात. परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांमध्ये दोन रकान्यांचा तक्ता असतो, डावीकडे माणूसकेंद्री आणि उजवीकडे निसर्गकेंद्री. पण सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य किंवा भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी घेऊन लिहायला बसलं की तक्ता कोलमडतो. अशा वेळी करायचं काय?

तक्ता कोलमडतो, कारण तो मुळातच घाईने आखलेला आहे. मूळ मजकूर पाहिला की हे लगेच दिसतं.

आर्ने नेस या नॉर्वेजियन तत्त्वज्ञाने 1973 मध्ये 'उथळ' आणि 'सखोल' पर्यावरण चळवळ असा भेद मांडला. उथळ चळवळ म्हणजे श्रीमंत देशांतल्या लोकांचं आरोग्य आणि सुबत्ता टिकावी म्हणून प्रदूषणाशी लढणारी. सखोल चळवळीचे, म्हणजेच डीप इकॉलॉजीचे, त्यांनी सात मुद्दे दिले. सगळ्या सजीवांना जगण्याचा समान हक्क हा त्यातला एक, पण त्यापुढे त्यांनी 'तत्त्वतः' असा शब्द जोडला, कारण जगायचं म्हटलं की काहीतरी मारणं, वापरणं आलंच. याच सात मुद्द्यांत वर्गविरोधी भूमिका होती आणि स्थानिक स्वायत्तता, विकेंद्रीकरणही होतं. विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून हे दोन मुद्दे हमखास गळतात. 1984 मध्ये नेस आणि जॉर्ज सेशन्स यांनी कॅलिफोर्नियात आठ मुद्द्यांचा जाहीरनामा तयार केला. त्यात वर्गाचा मुद्दा स्वतंत्रपणे राहिला नाही, आणि लोकसंख्या कमी व्हायला हवी हा मुद्दा ठळक झाला. आज डीप इकॉलॉजी म्हणून जी शिकवली जाते ती बहुतेक या दुसऱ्या यादीची आहे.

आता डावा रकाना, म्हणजे न्यायाधारित विचार. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात, पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायचं सरकारने ठरवलं. 1982 मध्ये लोक रस्त्यावर आडवे झाले, शेकडोंना अटक झाली. 1987 मध्ये एका चर्च संघटनेच्या अहवालाने दाखवून दिलं की घातक कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा जवळचा संबंध आहे. 1991 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत पर्यावरण न्यायाची 17 तत्त्वं ठरली. त्यातलं पहिलंच तत्त्व धरणीमातेचं पावित्र्य आणि सर्व जीवजातींचं परस्परावलंबन मान्य करतं. ज्याला 'माणूसकेंद्री' म्हणून डाव्या रकान्यात कोंबलं, त्याचं पहिलं वाक्य असं आहे.

म्हणजे खरा भेद माणूस की निसर्ग हा नाही. दोघे वेगवेगळे प्रश्न विचारतात. डीप इकॉलॉजी विचारते: कशाला स्वतःचं मूल्य आहे, आणि त्यामुळे आपण कुठे थांबायचं? न्यायाधारित विचार विचारतो: थांबण्याची किंमत कोण मोजतो, फायदा कोणाला जातो, आणि ठरवताना खोलीत कोण होतं? डेव्हिड श्लोसबर्ग यांनी न्यायाचे तीन पदर वेगळे करून दाखवले आहेत: वाटप, दखल आणि सहभाग. पुढच्या विश्लेषणात हे तिन्ही लागतील.

नान्नजपासून सुरुवात करू, कारण हे प्रकरण दोन्ही बाजूंच्या चुका उघड्या पाडतं.

1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं कागदावरचं क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होतं. ते सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं होतं. तुलनेसाठी, अख्खा सोलापूर जिल्हा 15,000 चौ. किमीच्या आत आहे. एवढ्या मोठ्या हद्दीत गावं, रस्ते, बाजारपेठा, बागायत, सगळं आलं. माळढोक प्रत्यक्ष वापरत होता तो भाग मात्र वनखात्याच्या ताब्यातले गवताचे तुकडे आणि त्यांच्या भोवतीची कोरडवाहू शेतं एवढाच होता.

किंमत कोणी मोजली हे कळायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 20 वाचायला हवं. कलम 18 खाली अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसाहक्काशिवाय कोणालाही नवा हक्क मिळवता येत नाही. कलम 19 पासून पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी हक्कांची चौकशी करायची, दावे मागवायचे, मग काही हक्क ठेवायचे आणि काही संपादित करायचे. ही चौकशी रखडली की कलम 20 ची तात्पुरती बंदी कायमची होऊन बसते. जमीन विकायची, बिनशेती करायची, त्यावर कर्ज काढायचं म्हटलं की अडचण. मुलीच्या लग्नाला दोन एकर विकू पाहणारा शेतकरी इथे अडकतो. त्याच्या लेखी माळढोक म्हणजे सातबाऱ्यावर येऊन बसलेला पक्षी.

कागदावरची ही भलीमोठी रेघ डीप इकॉलॉजीच्या नावावर खपवली जाते. तिच्यात सखोल असं काहीच नव्हतं. निसर्गाचं मूल्य मान्य करायचं, तर आधी तो निसर्ग कसा चालतो हे पाहावं लागतं. माळढोकाची मादी जमिनीवर उघड्यावर साधारण एकच अंडं घालते. विणीचा काळ मुख्यतः पावसाळ्याचा असतो. शत्रू लांबून दिसावा म्हणून पक्ष्याला आखूड, विरळ गवत आणि मोकळं क्षितिज लागतं. खायला नाकतोडे, किडे, सरडे, बोरं आणि शेतातलं धान्य. पूर्ण वाढलेला नर 15 किलोपर्यंत भरतो. समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि उडताना चटकन वळता येत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळतो. ही यादी समोर ठेवली तर ठरवायच्या गोष्टी चारच निघतात: विणीच्या तुकड्यांत पावसाळ्यात शांतता, आसपास ज्वारीसारखी कोरडवाहू पिकं, तारा जमिनीखाली किंवा दुसरीकडून, आणि माळावर झाडं न लावणं.

शेवटचा मुद्दा वाचून पुष्कळांना धक्का बसतो. आपल्याकडे 'पर्यावरण' म्हटलं की वृक्षारोपण. गवताळ माळ महसुली भाषेत पडीक, म्हणून तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी लावून 'हिरवं' करायचं. माळढोकाच्या दृष्टीने झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला बसायला मिळालेली फांदी आणि भक्षकाला मिळालेला आडोसा. कुसळी, पवन्या या गवतांच्या माळाला जंगलाच्या मापाने मोजणं ही चूक सरकारी कार्यक्रमांत होते, शाळांच्या वृक्षदिंडीत होते, आणि डीप इकॉलॉजीच्या उत्साही समर्थकांकडूनही होते. त्यांच्या वाङ्मयातलं 'अस्पर्श अरण्य' त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आणि हा माळ अस्पर्श नव्हताच. मेंढरांच्या चराईने गवत आखूड राहत आलं, आणि रब्बी ज्वारीने पक्ष्याला खाणं दिलं. इथल्या साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात ओलाव्यावर निघणारी मालदांडी ज्वारी हे या माळाचं पीक. तिचं प्रसिद्ध वाण एम 35-1 मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. धनगर आणि कोरडवाहू शेतकरी यांच्या कामातूनच माळढोकाचं घर टिकलं होतं. श्लोसबर्गचा 'दखल' हा पदर इथे लागतो: ज्यांनी अधिवास राखला त्यांना कायद्याने अतिक्रमण करणारे ठरवलं.

रामचंद्र गुहा यांनी 1989 च्या लेखात अमेरिकी डीप इकॉलॉजीवर हीच टीका केली. माणूसकेंद्री की जीवकेंद्री हा वाद ऱ्हासाची खरी कारणं सांगत नाही. ती कारणं म्हणजे औद्योगिक देशांचा आणि आपल्याकडच्या शहरी श्रीमंतांचा अतिउपभोग, तसंच वाढतं सैनिकीकरण. गरीब, दाट वस्तीच्या देशात माणसं हटवून राखलेलं अरण्य म्हणजे गरिबाकडून श्रीमंताकडे झालेलं संसाधनाचं हस्तांतर. नान्नजला हे लावताना एक भर घालावी लागते. इथे माणसं हटवली नाहीत, त्यांना जागेवरच गोठवलं. कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे उसाने आणि द्राक्षाने माळ खाल्ला, आणि बंधन मात्र पाणी न पोचलेल्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त जाचलं, कारण त्याच्याकडे विकण्यासारखी जमिनीशिवाय दुसरी गोष्टच नव्हती.

मग पुनर्रचना झाली आणि अभयारण्य सुमारे 1,222 चौ. किमीवर आलं. लोकांचा जाच बराच कमी झाला. न्यायाच्या बाजूने हे पाऊल बरोबर होतं, आणि इथे थांबून उत्तर संपवायचा मोह होतो. पण पक्षी परतला नाही. नान्नजला माळढोक दिसणं आज बातमी होते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2011 मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं. न्यायाधारित विचार एकटा लावला की नेमकं हेच होतं. ग्रामसभेत ज्याला हात वर करता येत नाही तो अजेंड्यावरच येत नाही. सगळ्या पक्षकारांचं समाधान होऊनही एक जात संपू शकते, आणि त्या हिशेबात ती तूट म्हणून कुठेच दिसत नाही.

म्हणून दोन्ही लावताना क्रम पाळावा. 'दोन्हींचा समन्वय साधला पाहिजे' हे वाक्य परीक्षेत गुण देईल, पण त्याने काही ठरत नाही.

पहिल्यांदा डीप इकॉलॉजीला विचारा की अजिबात सोडता न येणारी गोष्ट कोणती, आणि ती जितकी लहान आणि नेमकी सांगता येईल तितकी सांगा. हजारो चौरस किलोमीटर असं उत्तर आलं तर अभ्यास झालेला नाही असं समजा. विणीचे अमुक गट नंबर, त्याभोवतीची अमुक शेतं, जून ते सप्टेंबर, अमुक वीजवाहिनी, असं उत्तर यायला हवं. मर्यादा नेमकी असेल तरच तिची किंमत मोजता येते.

नंतर 1984 च्या जाहीरनाम्यातला तिसरा मुद्दा वापरा: मूलभूत गरज भागवण्यापुरतंच सोडलं तर निसर्गाचं वैविध्य कमी करायचा माणसाला हक्क नाही. 'मूलभूत गरज' हा शब्द त्यांनी मुद्दाम सैल ठेवला, देशोदेशी हवामान आणि समाज वेगळा म्हणून. न्यायाधारित विचाराने हा शब्द घट्ट करायचा असतो. मेंढ्यांचा चारा मूलभूत. ज्वारी मूलभूत. माळावर नवा ऊस मूलभूत आहे का? अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याने पहिल्यांदा विहिरीला पाणी लागल्यावर लावलेला ऊस, आणि आधीच 40 एकर बागायत असलेल्याने वाढवलेला ऊस, यांना एकाच खान्यात टाकलं की उत्तर चुकतं.

यानंतर किंमत. भरपाई ठरवताना सर्वांत जास्त चुका इथे होतात. काळविटांनी खाल्लेल्या पिकाचा पंचनामा होतो आणि पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. वाट्याने शेत कसणारा, ज्याचं पीक गेलं, तो कागदावर नसतो. दुसरी चूक रकमेची. शेतकऱ्याला माळढोकासाठी ज्वारीच ठेवायला सांगायचं असेल तर ज्वारीच्या नुकसानीचे पैसे देणं अपुरं पडतं. ज्वारी आणि त्या जमिनीत शक्य असलेलं जास्त उत्पन्नाचं पीक यांतला दरवर्षीचा फरक द्यावा लागतो, तोही पेरणीआधी. हा फरक द्यायला सरकार किंवा समाज तयार नसेल, तर 'पक्ष्याचं स्वतःचं मूल्य' आपण दुसऱ्याच्या खिशातून मान्य करत आहोत.

सहभागाचं पाहताना नुसती 'ग्रामसभा झाली' ही नोंद पुरेशी समजू नका. ग्रामसभा गावच्या मतदारांची असते. कोकणात उतरणारे मेंढ्यांचे कळप पावसाळ्यात देशावर परततात, आणि तोच माळढोकाचा विणीचा काळ. खरा संघर्ष या चार महिन्यांचा आहे, आणि वाडा (कुटुंब आणि कळपाचा फिरता तळ) घेऊन फिरणारा मेंढपाळ त्या गावच्या यादीत नसतो. वनहक्क कायदा, 2006 चं कलम 3(1)(ड) भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्क मानतं, म्हणजे दार बंद नाही. व्यवहारात माळाचे तुकडे पाडून विणीचे तुकडे पावसाळ्यात बंद, बाकीचे चराईला खुले, आणि बंद तुकड्यातलं गवत पावसाळ्यानंतर कापून नेण्याचा पहिला हक्क त्याच मेंढपाळांना, अशी रचना दोन्ही कसोट्यांवर टिकते. सगळाच माळ कायमचा बंद केला तर गवत उंच आणि दाट होतं, आणि पक्ष्याचंही त्यात भलं होत नाही.

हे सगळं करूनही कधी खरा पेच उरतो. समजा शेवटचा विणीचा तुकडा आणि 20 कुटुंबांची शेती यांत एकच राहणार आहे. इथे डीप इकॉलॉजीचा युक्तिवाद वजनदार ठरतो, कारण जात संपली की परत येत नाही, आणि कुटुंबांचं नुकसान तत्त्वतः भरून देता येतं. सगळी मेख त्या 'तत्त्वतः' मध्ये आहे. मध्य प्रदेशात कुनोमधली 24 गावं सिंहांसाठी हलवली गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवजातीचं हित सर्वांत वर ठेवण्याची कसोटी लावून गीरचे सिंह कुनोत नेण्याचा आदेश दिला. सिंह आले नाहीत. 2022 मध्ये नामिबियातून चित्ते आले. निसर्गकेंद्री निकाल कागदावर लागला, पण त्याआधीच माणसांनी किंमत मोजून झाली होती, ज्यासाठी मोजली ती गोष्ट घडलीच नाही. म्हणून अशा पेचात माझं मत ठाम आहे: पक्ष्याच्या बाजूने निर्णय घ्यायचा, पण बंदी लागू होण्याआधी पूर्ण मोबदला हातात पडला पाहिजे. आधी बंदी, मग भरपाई हा क्रम असेल तर न्यायाच्या बाजूने नकार द्यावा.

उजनीत हीच पद्धत लावली की वेगळी गोष्ट बाहेर येते. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत साठा, म्हणजे उपयुक्त पाणी निम्म्याहून कमी. 'मृत' हे पाटबंधारे खात्याचं नाव आहे, नेहमीच्या वाटपात न धरलेल्या तळाच्या पाण्याचं. पण कडक उन्हाळ्यात मासे त्यातच तग धरतात, आणि पाणी ओसरून उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या काठांवरच रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. कोरड्या वर्षात धरण 'मायनस'मध्ये जातं तेव्हा या पाण्यावर हात घातला जातो.

वाटपाचा पदर आधी पाहा. सोलापूर शहरासाठी नदीतून औज-टाकळी बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडतात तेव्हा वाटेत बाष्पीभवन, झिरप आणि उपसा यांत पुष्कळ जातं, त्यामुळे शहराच्या गरजेच्या कित्येक पट पाणी सोडावं लागतं. मग शहर विरुद्ध शेतकरी असं भांडण रंगतं, आणि वरच्या बाजूने काय येतं हा प्रश्न बाजूला पडतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून याच धरणात येऊन साठतं. वरचे घाण सोडतात आणि खालचे ती गाळून पितात. वॉरेन काउंटीत माती होती, इथे पाणी आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत हेडच्या (कालव्याच्या सुरुवातीच्या) उसाचा आवाज पोचतो. टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला पाळी आल्याचं पाणी आल्यावर कळतं, किंवा कळतच नाही. वाटप, दखल आणि सहभाग, तिन्ही पदर इथे स्वच्छ दिसतात.

डीप इकॉलॉजीचं उत्तर इथे अवघडलेलं येतं. नेस स्वतः 1970 मध्ये नॉर्वेतला मार्डोला धबधबा वाचवण्यासाठी धरणाविरोधात ठिय्या देऊन बसले होते. त्या न्यायाने उजनी नकोच. पण आज रोहित येतात ते धरणामुळे, आणि त्याच धरणाने गावं बुडवली. पाणी खाली गेलं की धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं तेव्हा फोटो काढायला गर्दी होते, आणि विस्थापितांच्या घरचं माणूस त्यात एखाददुसरं असतं. 'नैसर्गिक' म्हणजे काय, हा प्रश्न इथे सुटत नाही. माझ्या मते इथे डीप इकॉलॉजीचा वापर एकाच जागी करावा: मृत साठ्याला तळ ठरवून देण्यासाठी. पिण्याच्या पाण्याशिवाय कोणत्याही कारणासाठी अमुक पातळीखाली उपसा नाही, आणि ती पातळी मासे आणि पाणपक्षी यांचा अभ्यास करून ठरवलेली असावी. बाकी सगळं न्यायाचं काम आहे.

प्रत्येक प्रकरणाला दोन्ही लावायची गरजही नाही. रंगाई करणाऱ्या कारखान्याचं पाणी प्रक्रिया न करता नाल्यात जातं, किंवा विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात तंबाखूची धूळ भरते, तिथे डीप इकॉलॉजी फारसं काही वेगळं सांगत नाही. तिथे न्यायाची तीन पदरांची कसोटी पुरे.

परीक्षेसाठी किंवा प्रबंधासाठी लिहिताना आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. डीप इकॉलॉजीला माणूसद्वेष्टी म्हणू नका. तिच्यातल्या काही अमेरिकी गटांनी तशी विधानं केली, नेसने नाही. नेसवर गांधींचा प्रभाव होता हे खरं, पण त्यावरून ती 'मूळ भारतीय' आहे असं लिहू नका. पौर्वात्य परंपरांना असं सोयीने वापरण्यावरही गुहांची टीका आहे. चिपकोचं (1973) उदाहरण डीप इकॉलॉजीखाली देण्याची सवय सोडा. जंगलावरचा गावाचा हक्क हा तिथला पहिला मुद्दा होता, झाडाला मिठी मारणं हा त्याचा मार्ग. लोकसंख्येचा मुद्दा आला की आकड्याला दरडोई वापराची जोड द्या. नान्नजच्या मेंढपाळाच्या पाच मुलांपेक्षा एका वातानुकूलित बंगल्याचा भार बहुधा जास्त भरतो, आणि नेसच्या 1973 च्या यादीतला वर्गाचा मुद्दा नेमका इथे परत आणता येतो.

उत्तराच्या मांडणीसाठी एक सूचना. सिद्धांत एका पानात संपवा, आणि उदाहरण एकच घ्या, पण गट नंबर, महिना आणि कलम क्रमांकापर्यंत जा. नान्नज घेतलं तर कलम 20 आणि विणीचे महिने यांच्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. उजनी घेतलं तर मृत साठ्याची पातळी आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी यांच्याशिवाय.